शेपटीला डबा

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या बंगल्यामध्ये तारेचं कुंपण आहे. त्यावर गुळवेल चढलेली आहे, ती कुणी लावली हे दोन्ही घरांत कुणालाच ठाऊक नाही. वेल जिथं विरळ आहे तिथं, कढीपत्त्याच्या झाडापाशी, आमची रोजची बैठक भरते. बैठक म्हणायचं, एरवी ती उभ्यानंच असते. वेळेचं माप वहिनींच्या कुकरचं. पाणी आलं का, भाजीवाला किती सांगत होता, हे तीन शिट्ट्यांचं बोलणं. कुणाच्या मुलीनं लग्न ठरवलं, कुणाचं मोडलं, हे पाच शिट्ट्यांचं. परवा मात्र वहिनी आल्या त्या कुकर न लावताच. म्हणजे मामला गंभीर होता.

“ताई, रात्री झोप लागली तुम्हाला?”

“लागली की. कानातलं मशीन काढून ठेवते मी.”

“भाग्यवान आहात. रात्रभर खडखडाट! तो कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधला मुलगा, सहावीतला, त्यानं मोत्याच्या शेपटीला डबा बांधलाय. रंगाचा रिकामा डबा. मोत्या पळतोय, डबा वाजतोय, डबा वाजला म्हणून मोत्या आणखी पळतोय. कुणाच्या हाताला लागेल तर शपथ!”

“व्रात्य आहे कार्टं,” मी म्हटलं.

“व्रात्य नाही हो.” वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं आणि वेलीत तोंड घातलं. “सीरियल किलर होणार तो. मी रील बघितलंय. लहानपणी तीन खुणा दिसतात म्हणे. जनावरांना छळणं, आगी लावणं आणि मोठेपणीसुद्धा अंथरूण ओलं करणं. तिन्ही जुळल्या की झालं. कुत्र्याचं आपण बघतोच आहोत. होळीच्या दुसऱ्या दिवशी यानंच पालापाचोळा पेटवला होता. दोन झाल्या. तिसरीची चौकशी करतेय.”

“कुणाकडे?”

“त्यांच्या धुण्याच्या बाईंकडे.”

मी तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. एवढ्या काळात इतक्या चिकाटीनं माहिती गोळा करणारा एक विद्यार्थी मला मिळाला नाही. पण रीलवरचं हे त्रिकूट माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. म्हटलं, वहिनी, ही तीन खुणांची गोष्ट कुठून आली ते तरी ऐका. १९६३ साली अमेरिकेत, डेन्व्हरला, जॉन मॅक्डॉनल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं एक लेख लिहिला. त्याच्या इस्पितळात आलेले शंभर रुग्ण त्यानं पाहिले होते. ते खुनी नव्हते. ‘ठार मारीन’ अशी नुसती धमकी दिलेली माणसं होती. त्यांतल्या काहींच्या लहानपणात या तीन गोष्टी त्याला दिसल्या, तशा त्यानं नोंदवल्या. पुढे लोकांनी त्याचा नियमच करून टाकला. नंतरच्या अभ्यासांत तो नियम काही टिकला नाही. अंथरुणाचा तर खुनाशी सुतराम संबंध सापडला नाही. जनावरांचा सवयीनं, पुन्हापुन्हा छळ करणारं मूल असलं तर लक्ष द्यावं हे खरं. पण ते अशासाठी, की बऱ्याचदा त्या मुलाला घरी कुणीतरी बडवत असतं.

“म्हणजे अंथरुणाचं काही नाही ना?” वहिनींनी दोनदा विचारलं.

“काही नाही.”

“नाही, आमचा चौथीपर्यंत...” एवढं बोलून वहिनींनी कढीपत्ता तोडायला घेतला. त्यांचा चिरंजीव आता बेंगळुरूला असतो आणि झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारतो.

इतका वेळ व्हरांड्यात काकू डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. काकू म्हणजे वहिनींच्या सासूबाई, वय ८४. मोड आलेला वाल चिमटीत धरायचा, दाबला की डाळिंबी टुणकन पातेल्यात आणि साल बोटात. हे त्या न बघता करतात. तशाच न बघता म्हणाल्या, “जक्कलनं कुठल्या कुत्र्याला डबा बांधला होता?”

पुण्यात एका पिढीसमोर हे आडनाव काढलं की बोलणं थांबतं. वहिनी लग्न होऊन पुण्यात आल्या त्या नंतर. मी तेव्हा साताऱ्याला शाळेत. हातात फक्त वर्तमानपत्र यायचं, तेही वडिलांनी बातमीची घडी आत घालून ठेवलेलं. काकू मात्र १९७६ साली प्रभात रोडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. भांडारकर रोड तिथून हाकेच्या अंतरावर.

“सातच्या आत जेवणं,” काकू म्हणाल्या. “सिनेमाचा शेवटचा खेळ कुणी बघेना. दाराला कडी, कडीला कुलूप, वर आडवी पहार. आमचे हे एकदा उशिरा आले. मी दार उघडेना. म्हणाले, अगं, मी आहे. म्हटलं, कशावरून? आवाज काय, कुणीही काढील. तुमच्या आत्याचं नाव सांगा. यांना आत्या दोन. यांनी नेमकं तिसरीचंच सांगितलं, मानलेल्या. अर्धा तास पायरीवर बसले होते.”

“आणि शेवटी?”

“शेवटी शिंकले. ती शिंक मला पाठ होती.”

वहिनी हसल्या, मीही हसले. काकू हसल्या नाहीत. पातेल्यात डाळिंब्या पडत राहिल्या.

मग वहिनींनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि मला म्हणाल्या, सांगा नीट, पहिल्यापासून. मी माझ्या बाजूला पालथी बादली घेतली.

राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. पाचवा सुहास चांडक, जो पुढे माफीचा साक्षीदार झाला. दारू पिणं, दुचाक्या चोरणं, टगेगिरी एवढ्यावर कॉलेजात त्यांची ख्याती होती. अशी पोरं त्या काळी काय आणि आज काय, प्रत्येक कॉलेजच्या फाटकाशी उभी असतात. जानेवारी १९७६मध्ये त्यांनी आपल्याच वर्गमित्राला नेलं. कॉलेजच्या मागं त्याच्या वडिलांचं हॉटेल होतं, तिथं या पोरांची ऊठबस. त्याच्याकडून ‘मी घर सोडून जातोय’ अशी चिठ्ठी लिहून घेतली, नायलॉनच्या दोरीनं गळा आवळला, लोखंडी पिंपात घालून वर दगड भरले आणि पिंप पेशवे पार्कच्या तळ्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी वडिलांना खंडणीची चिठ्ठी.

“आम्ही सारसबागेत जात होतो की त्या वर्षी,” काकू म्हणाल्या. “भेळ खाऊन, तळ्यातल्या गणपतीला नमस्कार करून यायचो. पिंप तिथंच पाण्यात होतं.”

मग ऑक्टोबरअखेरपर्यंत काही नाही. वहिनी, मला या मधल्या नऊ महिन्यांची जास्त भीती वाटते. मुलं कॉलेजात गेली असतील, चहा प्याली असतील, वर्गात त्या मित्राची रिकामी जागा समोर दिसत असेल. ३१ ऑक्टोबरच्या रात्री विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरी शिरले. नवरा-बायकोला मारलं. तरुण मुलगा थोड्या वेळानं बाहेरून आला, त्यालाही. हाती लागलं ते मंगळसूत्र, घड्याळ, काही हजार रुपये. नोव्हेंबरात शंकरशेट रोडवरच्या एका बंगल्यावरचा डाव फसला. १ डिसेंबरला रात्री आठच्या सुमाराला भांडारकर रोडवर ‘स्मृती’ बंगल्याची घंटा वाजवली. नातवानं दार उघडलं.

“एकोणीस वर्षांचा होता,” काकू म्हणाल्या.

काशिनाथशास्त्री अभ्यंकर तेव्हा ८८ वर्षांचे होते. संस्कृत व्याकरणाचा कोश करणारा माणूस. ते, त्यांच्या पत्नी, नात, नातू आणि घरकामाच्या बाई, पाचही जणांना त्या रात्री संपवलं. पुढच्या मार्चमध्ये कॉलेजातल्याच एका मित्राच्या धाकट्या भावाला ‘चल, सोडतो’ म्हणून मोटरसायकलवर घेतलं. त्याचं प्रेत लोखंडी शिडीला बांधून, दगड लावून नदीत टाकलं आणि ते बंडगार्डनजवळ वर आलं. आधीच्या खुनांसारखीच नायलॉनची दोरी, तशाच गाठी. एवढ्यावरून पोलिसांना धागा मिळाला आणि ३० मार्च १९७७ला अटक झाली. पिंप तळ्यातून बाहेर आलं ते त्यानंतर.

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पैशासाठीच ना?”

मला नेमकी इथंच वहिनींशी भांडायची इच्छा होते. पहिल्या खुनाला कारण होतं असं आपण धरून चालू. खंडणी. ती मिळाली नाही. दुसऱ्या वेळी लूट होती, पण ज्यांचे हातपाय बांधलेले आहेत त्यांना ठार करायची गरज काय? ओळखतील म्हणून. बरं. शेवटच्या मुलाच्या वेळी काय होतं? वर्षभर कुणी पकडलं नाही ही घमेंड होती आणि हाताला लागलेली सवय होती. नीट बघा, दर वेळी कारण पातळ होत गेलंय आणि पद्धत पक्की होत गेलीय. ‘तो खुनी का झाला’ असं आपण विचारतो, जणू एका सकाळी उठून माणूस खुनी होतो. त्यापेक्षा दुसऱ्यांदा हात का अडखळला नाही, हे विचारायला हवं. पहिल्या वेळी जी भिंत चढावी लागते ती दुसऱ्या वेळी उंबरठ्याएवढी होते आणि चौथ्या वेळी तो उंबरठाही पायाला लागत नाही. तसं बघितलं तर हे काही खुनाचंच शास्त्र नाही. पहिली लाच घेताना घाम फुटतो. दहाव्या वेळी मोजून घेतात.

“आणि चौघं होते,” काकू मध्येच म्हणाल्या. “एकट्याची छाती झाली नसती.”

काकूंनी मानसशास्त्राचं एकही पुस्तक उघडलेलं नाही, पण हे मी वर्गात दोन तास शिकवत असे. टोळीत पापाची वाटणी होते. दोरी एकानं आणलेली असते, तोंडात बोळा दुसऱ्यानं घातलेला असतो, दाराशी तिसरा उभा असतो. प्रत्येकाला वाटतं, आपला वाटा लहान. पुढाऱ्याला मागं वळून बघायला चार जोड्या डोळे असतात, त्यांच्यापुढं कच खायची नाही. बाकीच्यांना पुढाऱ्याची भीती, शिवाय एकदा हात बरबटले की सुटायची वाट बंद. यांतला कुणीही वेडा नव्हता. कोर्टानं कुणाला वेडा म्हटलं नाही. १९७८च्या सप्टेंबरात पुण्याच्या न्यायालयानं फाशी सुनावली, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज असं सगळं होऊन २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघं फासावर गेले. पुढे ‘माफीचा साक्षीदार’ नावाचा सिनेमा निघाला, नाना पाटेकरचा. काकूंनी तो अजून पाहिलेला नाही. टीव्हीवर लागला तर त्या उठून आत जातात.

“पण ताई, मेंदूत काहीतरी बिघाड असल्याशिवाय कसं करेल माणूस असं?” वहिनी बिघाडावर ठाम होत्या. बिघाड असला की बरं पडतं. बिघाड म्हणजे आपल्यात आणि त्याच्यात कुंपण.

म्हटलं, बिघाडाचं हवंय ना? मग रामन राघव घ्या. इथं काकूंनी हात पुसले, कारण हा विषय त्यांच्या माहेरचा. माहेर घाटकोपरचं, चाळीतलं.

“आमचा धाकटा भाऊ काठी घेऊन रात्रभर चाळीखाली,” त्या म्हणाल्या. “अडुसष्ट साल. तो रात्रीचा येतो, मांजर होऊन पळतो, काय काय बोलायचे लोक. एका रात्री आमच्या भावानं आणि मंडळींनी चोप दिला, तो निघाला गिरणीतून परतणारा एक बिचारा. माझी आई दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी हळद घेऊन गेली.”

मुंबईच्या उपनगरांत, रेल्वेलाइनच्या कडेला, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसं सकाळी डोकं फुटलेली सापडत. १९६५-६६मध्ये एकदा हे सत्र चाललं, मग १९६८मध्ये पुन्हा. ऑगस्टमध्ये ॲलेक्स फियाल्हो नावाच्या पोलिस उपनिरीक्षकानं वर्णनावरून त्याला ओळखून धरलं. बोटांचे ठसे जुळले. आधी दरोड्यात शिक्षा भोगलेला माणूस, नावं पाच-सहा, सिंधी दलवाई, अण्णा, थंबी वगैरे. गुन्हे शाखेचे उपायुक्त होते रमाकांत कुलकर्णी. हा प्राणी दोन दिवस तोंडच उघडेना. शेवटी कुणीतरी विचारलं, बाबा, तुला हवंय तरी काय? म्हणाला, मुर्गी. पोटभर मुर्गी खाल्ली. आणखी काय? डोक्याला तेल, कंगवा, आरसा. तेल चोपडलं, भांग पाडला, आरशात स्वतःला निरखलं आणि मग विचारलं, बोला, तुम्हाला काय पाहिजे? त्यानंतर पोलिसांना घेऊन गेला आणि लपवलेली लोखंडी कांब वगैरे सगळं दाखवलं. कबुली दिली ४१ खुनांची.

“अगं बाई! आरसा?” वहिनींच्या डोळ्यांसमोर तो आरसाच उभा राहिला.

फाशीची शिक्षा झाली, पण उच्च न्यायालयानं आधी मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमून त्याला तपासायला लावलं. तीन डॉक्टर पाच वेळा दोन-दोन तास त्याच्याशी बोलले. त्याच्या डोक्यात एक वेगळंच जग होतं. जगं दोन, एक आपलं आणि एक ‘कानून’चं. लोक आपल्याला बाई बनवायला टपलेत, पण आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत, हे तो पुन्हापुन्हा सांगे. जुनाट, संशयभ्रमाचा स्किझोफ्रेनिया, बरा न होणारा, असा निर्वाळा आला. १९८७मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५मध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन ससूनमध्ये गेला.

आता बघा, वहिनी. रामन राघव आणि जक्कल यांना आपण एकाच पोत्यात भरतो. वर्तमानपत्रवाले दोघांनाही ‘मनोविकृत’ म्हणतात. पण एकाचं जगाशी नातंच तुटलं होतं. दुसऱ्याला जग चांगलं समजत होतं, पोलिस कसा विचार करतील हेसुद्धा. एकाला सगळे आपल्यावर टपलेले दिसत होते, दुसऱ्याला समोरच्याचं रडणं ऐकू येत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. एक आजार आहे, त्याला औषध आहे, वेळेवर मिळालं तर. दुसऱ्याला इंग्रजीत सायकोपॅथी म्हणतात. त्याच्यावर गोळी निघालेली नाही.

“आमच्या मामेसासूबाईंच्या धाकट्याला तोच आजार आहे,” वहिनी एकदम हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात तो. स्किझो. गेली वीस वर्षं गोळ्या चालू आहेत. मुंगी चिरडली तरी हळहळतो. लोक त्याला चहा प्यायला बोलवत नाहीत.”

मी म्हटलं, तेच तर. लाखो लोकांना तो आजार असतो. त्यांतले जवळजवळ सगळे कुणाला बोट लावत नाहीत, उलट त्यांनाच लोकांचा मार खावा लागतो. एका रामन राघवामुळे या सगळ्यांच्या वाट्याचा चहा गेला.

यावर वहिनींनी आत जाऊन चहा टाकला. कुकर अजूनही नव्हताच. कुंपणावरून मला कप आला, काकूंना बशीत.

चहाबरोबर वहिनींना बायकांचं आठवलं. “बाईमाणूस नसतं ना यात? रीलमध्ये सगळे पुरुषच होते.” काकू म्हणाल्या, “कोल्हापूरच्या त्या तिघी?” आणि पुढं बोलल्याच नाहीत.

मलाही त्या प्रकरणावर फार बोलवत नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते ९६ या काळात १३ मुलं पळवल्याचा आरोप. गर्दीत पाकीट मारताना, दागिना खेचताना कडेवर मूल असलं की कुणी संशय घेत नाही. पकडलंच तर मूल रडवायचं, आपटायचं, लोकांचं लक्ष तिकडं वळवायचं. मूल मोठं झालं, सारखं रडायला लागलं, जखमी झालं की ते ओझं. पाच मुलांच्या खुनांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये मुलींची फाशी कायम केली. अंजनाबाई खटल्याआधीच मेली होती. दयेच्या अर्जावर सरकारनं वर्षानुवर्षं लावली म्हणून २०२२मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. इथं कुणाच्या कानात आवाज नव्हते, कुणाला रक्ताची चटकही नव्हती. छत्री फाटली की टाकतात, तसं मूल टाकलं. रीलवाल्यांची पुस्तकं इथं लुळी पडतात, आणि त्याला कारण आहे. १९७०च्या दशकाअखेरीपासून एफबीआयच्या रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस यांनी तुरुंगांत जाऊन ३६ खुन्यांच्या मुलाखती घेतल्या. आज पडद्यावर दिसतं ते बहुतेक तिथून झिरपलेलं. ते सगळे पुरुष, सगळे लैंगिक विकृतीतून मारणारे, सगळे पकडले गेलेले आणि बोलायला तयार असलेले. असल्या माणसांना स्वतःविषयी बोलायला फार आवडतं. लहानपणीचं किती खरं, किती मीठमसाला लावलेलं, देव जाणे.

“मग मुळात अशी माणसं ओळखायची कशी?” वहिनी काही हाताला लागल्याशिवाय कुंपण सोडणाऱ्यांतल्या नव्हेत.

म्हटलं, रॉबर्ट हेअर नावाच्या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञानं एक यादी केलीय, वीस कलमांची. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण चाळीस. तीस किंवा त्याच्या वर गेला तर सायकोपॅथ धरतात. पण ती शिकलेल्या माणसानं, मुलाखत घेऊन, जुने कागद तपासून भरायची असते. एवढं सांगितलं हीच चूक झाली. वहिनींनी ताबडतोब मोबाइलवर टिपण काढलं.

“सांगा, सांगा. पहिलं काय?”

“गोड, गुळगुळीत बोलणं.”

“दोन गुण,” वहिनी म्हणाल्या. कुणाला देताहेत ते मला अजून कळलं नव्हतं.

“स्वतःला फार थोर समजणं.”

“दोन.”

“सवयीनं खोटं बोलणं.”

“दोन. गणपतीत माझं पातेलं नेलं आणि म्हणे नेलंच नाही.”

“पश्चात्ताप नसणं.”

“पातेलं अजून परत नाही. दोन!”

तेव्हा उलगडा झाला. धाकट्या जाऊबाई चाळिसांपैकी आठ गुणांवर पोचल्या होत्या आणि अजून सोळा कलमं बाकी होती. काकू आपल्याच एका सुनेची ही परीक्षा शांतपणे ऐकत होत्या. “उरलेलं विचारू नकोस,” मला म्हणाल्या, “तिला तीसच्या वर नेल्याशिवाय ही थांबायची नाही.”

जाऊबाईंना वाचवायला मी जेम्स फॅलनची गोष्ट काढली. कॅलिफोर्नियातले मेंदूचे अभ्यासक. खुन्यांच्या मेंदूची चित्रं बघत होते आणि त्याच सुमारास दुसऱ्या कुठल्याशा कामासाठी स्वतःच्या घरच्यांचीही चित्रं काढलेली होती. घरच्यांच्या ढिगात एक चित्र असं निघालं, की अगदी खुन्याच्या मेंदूसारखं. जिथं सदसद्विवेक, दुसऱ्याचं दुःख वगैरे उमटतं त्या जागा मंद. वाटलं, चुकून तिकडचं इकडं आलं. नाव बघितलं तर स्वतःचंच! घराण्यात मागं शोधलं तर खुनाचे आरोप झालेले पूर्वजही सापडले. स्वतः मात्र प्राध्यापक, संसारी, मुलाबाळांचे. २०१३मध्ये त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं, मला लहानपणी प्रेम मिळालं म्हणून वाचलो. बायको-मुलांना विचारलं, मी कसा आहे रे? त्यांनी सांगितलं, तसा थोडा थंडच आहात.

“थंड!” वहिनी आनंदल्या. “आमचेही तसेच. मी पडले होते ना जिन्यावरून, तर विचारतात, दुधाचं पातेलं सांडलं का?”

“म्हणून कुणाचा खून केला का त्यानं?” काकूंनी मुलाची बाजू घेतली.

नाही केला. आणि हेच मला सांगायचं होतं, पण वहिनींपुढं ते दर वेळी पातेल्यावर जातं. मेंदू थंड असणं, जनुकांत काही खोट असणं, लहानपणी मार बसणं, या सगळ्याची बेरीज ज्यांच्या बाबतीत भरते अशी कितीतरी माणसं आयुष्यभर नोकरी करून निवृत्त होतात. न्यूझीलंडमध्ये डनेडिन गावची मुलं जन्मापासून अभ्यासली गेली. २००२च्या त्या अभ्यासात दिसलं, की एका विशिष्ट जनुकाचा मंद प्रकार असलेली आणि लहानपणी छळ सोसलेली मुलं पुढं हिंसक वागण्याकडे जास्त झुकली. जनुक तोच, पण छळ झाला नाही, तर तसं फारसं दिसलं नाही. जन्माला येताना कुणाच्याही कपाळी खुनी असं लिहिलेलं नसतं. लिहिलं असलं तर पुसट पेन्सिलीनं. मग घरचे, गल्लीतले, मास्तर, मित्र त्यावरून गिरवत जातात, नाहीतर खोडत जातात. माझ्या विद्यार्थ्यांना हे मी फार पांडित्यानं सांगायचे. काकूंच्या भाषेत सांगायचं तर त्या चौघांना पहिली दुचाकी चोरली तेव्हा कुणी कानफटीत दिली असती तर? की दिली असती म्हणूनच आणखी बिघडले असते? या प्रश्नावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट होते आणि दोन्हींचा चहा गार व्हायचा.

तेवढ्यात खडखडाट आला. मीसुद्धा ऐकला. मोत्या गल्लीच्या तोंडाशी धापा टाकत उभा होता, मागं पिवळ्या रंगाचे ओघळ सुकलेला डबा, आणि त्याच्या मागं दहा पावलांवर तो सहावीतला मुलगा. हातात पार्लेचा पुडा. बिस्किट टाकायचा, मोत्या पुढं यायचा, डबा वाजायचा, मोत्या उडायचा. पोराचं तोंड रडवेलं झालेलं.

“बघा, अजून छळतोय!” वहिनी.

“सोडवायला बघतोय तो,” काकू म्हणाल्या आणि व्हरांड्यातून हाक मारली, “ए, इकडं ये. फाटक लाव मागून. कुत्र्याला आत घे आधी.”

दहा मिनिटं गेली. शेवटी मोत्याला बिस्किटापेक्षा काकूंच्या चहाच्या बशीनं वश केलं. काकूंनी खुर्चीवरून वाकून एका हातानं त्याच्या मानेवर थोपटलं आणि दुसऱ्या हातानं शेपटी धरली. चष्मा नाकाच्या टोकावर आणून दोरी बघितली.

“ही कसली गाठ मारलीयस? एकावर एक तीन निरगाठी! सुरगाठ येत नाही तुला?”

“सुरगाठ म्हणजे?” पोरगा म्हणाला.

“बुटाची मारतोस ती.”

“माझ्या बुटांना वेल्क्रो आहे.”

काकूंनी माझ्याकडं बघितलं, मी वहिनींकडं. वहिनी कात्री आणायला आत गेल्या. कात्री सापडेना, तेव्हा विळी घेऊन आल्या. विळी बघून मोत्या आणि पोरगा दोघंही मागं सरले.

“तू धर शेपटी,” काकू त्याला म्हणाल्या. “घट्ट नको. चावत नाही तो.”

“नक्की ना?”

“तू डबा बांधलास तेव्हा चावला का?”

त्यानं मान हलवली आणि दोन्ही हातांनी शेपटी धरली.

“ताई,” वहिनी कुंपणाशी येऊन हळूच म्हणाल्या, “धुण्याच्या बाईंना आता काय सांगू? मी चौकशी करायला सांगून बसलेय.”

“सांगा, साबण कुठला वापरतात ते विचारायचं होतं.”

“हे बरं आहे,” वहिनी म्हणाल्या आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. साडेअकरा वाजले होते आणि तांदूळ अजून धुतलेसुद्धा नव्हते.